बसलेल्या अध्यक्षाचं कार्टून

गायत्रीच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी साडेदहाला ती खोलीचं दार लोटून घ्यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि ऐकायची. आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत भिंती म्हणजे नावाला भिंती. खालच्या धुरपदाबाईचा टीव्ही, समोरच्यांचा, मागच्या दोन खोल्यांतला, सगळे एकदम एकच बोलायला लागायचे, "आप्पा ई ऱ्हायनात! आप्पा ई ऱ्हायनात!" म्हणजे आप्पा येताहेत, पोहोचतातच आहेत. मग चार मिनिटं गल्ली हसायची. गायत्री मांडीवर वही घेऊन बसलेली असायची. जिथे हसले तिथे टिंब, जिथे नाही हसले तिथे फुली. त्या कार्टूनची चित्रं तिची, गोष्ट तिची, आप्पांचा घोगरा आवाजही तिचाच, कॉम्प्युटरवर जाड केलेला. गल्लीत हे एकाही माणसाला माहीत नव्हतं.

मी हे लिहायला बसले ते रागाने. आमच्या भागात आता कोणालाही गायत्रीबद्दल विचारा, तोंड वाकडं करून सांगतील, "ती होय? नानांनी शाल दिली आणि नानांवरच उलटली, ती." संपलं, बाईचा निकाल लागला. गटारासाठी, दाखल्यांसाठी, मीटरच्या बिलांसाठी मी पंधरा वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले-उतरले आहे. माणसांचे निकाल असे झटपट कसे लागतात ते मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, सगळं एकदा नीट लिहून ठेवावं.

गायत्री मूळ अमळनेरकडची. वडील बमरोलीला एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात. ती सांगायची, बाजारात कुठला रंग चाललाय ते आम्हाला बापाच्या हातांवरून कळायचं. कधी कोपरापर्यंत हिरवे, कधी जांभळे. लग्न करून शिरपूरला गेली, पाच वर्षांनी एक पिशवी घेऊन परत आली. भांडण नाही, मारहाण नाही, मूल नाही, काहीच नाही. "भांडण झालं असतं तर बरं होतं ताई," ती एकदा म्हणाली, "समजवायला तरी कोणी आलं असतं." मग आई-वडील दोन वर्षांच्या आत गेले. भाऊ बायको-मुलांना घेऊन कामरेजला राहायला गेला, दिवाळीला फोन करतो.

ती माडीवरच्या एका खोलीत राहिली. तीन महिन्यांचा क्लास लावून कॉम्प्युटरवर साडीची डिझाईन काढायला शिकली होती, ते काम घरी बसून करायची. बॉर्डर, बुट्टे, पदर. एक डिझाईन झाली की तीच आठ रंगांत. मार्केटमधला शेठ फोनवर मेसेज टाकायचा, फाईल फोनवर जायची, कधीकधी आठवडाभर तिला तोंडाने बोलायची गरजच पडायची नाही. गल्लीतल्या बायकांना तिला काय म्हणावं ते ठरवता येईना. वहिनी म्हणावं तर नवरा नाही, ताई म्हणावं तर माहेरचंही कोणी नाही. "वरची" म्हणायच्या. "वरचीकडे लाईट आहे का बघ गं."

आता नानांबद्दल. आमच्या समाजाची एक वाडी आहे, म्हणजे लग्नकार्याचा मोठा हॉल. वाडीची तारीख समाजाच्या अध्यक्षाच्या हातात, आणि अध्यक्ष म्हणजे कुंदननाना. बारा वर्षं झाली, खुर्ची तीच, माणूस तोच. निवडणूक झाली असं दरवेळी सांगतात, मी मतपेटी अजून पाहिलेली नाही. माणूस वाईट नाही, हेही लिहिते. दवाखान्यात ओळख काढतील, कोणाच्या पोराला कामाला लावतील, मयताला खांदा देतील. पण ते आल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. आमच्याकडे माइकवर एकेकाचं नाव पुकारून आशीर्वाद द्यायला बोलावतात, आणि पहिलं नाव अध्यक्षांचं. ते नसतील तर भटजी मंगलाष्टकं तोंडात धरून बसतो.

गायत्रीच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मुहूर्त अकरा चाळीसचा. काका हार घेऊन वाडीच्या फाटकात उभा. माइकवाला दर दहा मिनिटांनी ओरडतोय, "नाना ई ऱ्हायनात!" बारा वाजले, एक वाजला. उन्हात हाराची फुलं गळायला लागली. काका हलला नाही, कारण तेवढ्यात गाडी आली तर? दोनला नाना आले तेव्हा काकाच्या हातात दोन फुलं आणि दोरा उरला होता. त्याने तो दोराच नानांच्या गळ्यात घातला आणि नानांनी वाकून घालून घेतला, फोटोकडे बघत. कोणी हसलं नाही. गायत्रीला तिथे हसू आलं, घरी येऊन रडू आलं आणि त्यानंतर तिने कॉम्प्युटर लावला.

साडीच्या पदरावरच्या मोराला चोच उघडायला लावणं तिला आधीच येत होतं. गंमत म्हणून शिकली होती, मोबाइलवर बघून बघून. आता मोराच्या जागी तिने आप्पा काढले. मोठं नाक, पांढरे बूट, गळ्यात शाल. आप्पांची वाट बघता बघता नवऱ्याच्या मिशा पांढऱ्या होतात, भटजीला चष्मा लागतो, करवलीला नातू होतो, आणि माइकवाला ओरडतच असतो.

लखन हा आमचा केबलवाला. त्याचं एक लोकल चॅनल आहे, त्यावर वाढदिवसाचे फोटो आणि फर्निचरच्या जाहिराती. गायत्रीने पेनड्राइव्ह त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने बघितलं, खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

"बेन, ये तो अपने नाना है!"

"आप्पा आहेत ते."

"हां हां, आप्पा. नाम किसका डालू?"

"कोणाचंच नाही."

"नाना पूछेंगे तो?"

"सांग, दाराखालून कोणीतरी टाकून गेलं."

लखनने घाबरून खाली एक पट्टी टाकली, 'यातील आप्पांचा कोणत्याही अध्यक्षांशी संबंध नाही.' लोक आधी त्या पट्टीवरच हसायचे.

पहिले दोन रविवार मजेत गेले. नानांच्या माणसांनी लखनला फोन करून शिव्या दिल्या, तिसऱ्या फोनला नाना स्वतः बोलले, "बंद करू नको रे, चालू दे. घरचे सगळे बघतात." आणि तिथून गायत्रीची खरी अडचण सुरू झाली.

पदावरून गेलेल्या अध्यक्षाची नक्कल कोणीही करतं, त्याचा भाचासुद्धा. तो जसा होता तसाच राहतो, बदलत नाही. बसलेल्याचं तसं नसतं. तो रोज नवं काही करतो. गायत्रीला चार मिनिटांच्या कार्टूनला आठ दिवस लागायचे, एक ओठ हलवायला एक संध्याकाळ. नानांना बदलायला एक सकाळ पुरायची. तिसऱ्या भागात आप्पा सगळ्यात उशिरा येतात आणि जेवणाची पंगत उठवून बसतात असं तिने काढलं. तो भाग लागायच्या आदल्या दिवशी नाना एका लग्नात मुहूर्ताच्या तासभर आधी हजर! नवरीचा बापही आला नव्हता. माइक हातात घेऊन म्हणाले, "आप्पा ई गयात!" आले बरं का आप्पा. सगळा मांडव टाळ्या वाजवत उठला. मग तासभर भाषण केलं. मुहूर्त तेव्हाही टळला, पण हसतहसत टळला.

"आता उशिरावर कसं हसवू?" गायत्री मला नंतर म्हणाली. "ते तर लवकर येतात."

पुढे अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, समूहलग्नाचा बॅनर लागला. बारा फुटी. त्यावर नानांचा फोटो नव्हता, गायत्रीचे आप्पा होते, तेच नाक, तेच बूट. खाली तिचंच वाक्य, 'आप्पा ई ऱ्हायनात! तुम्हीही या!' ती भाजी आणायला गेली होती. बॅनरखाली पिशवी घेऊन उभी राहिली. एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन दाखवत होता, "बघ, आपले आप्पा." आपले. नानांना आयुष्यात कोणी इतक्या मायेनं आपले म्हटलं नव्हतं.

मला कळलं ते याच सुमारास. गटाराच्या मोर्च्याला फलक काढून घ्यायला मी तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं आणि पडद्यावर आप्पा तोंड वासून उभे.

"हे काय गं?"

"काही नाही ताई, पार्टीची डिझाईन आहे, गिऱ्हाईकाची."

"पार्टीच्या डिझाईनला नानांचं नाक कसं काय?"

ती हसली. मग एकदम खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "ताई, तुम्ही रविवारी हसता?"

"हसते की. सगळेच हसतात."

"कुठे हसता? कोणत्या जागी?"

असं कोणी कधी विचारलं होतं का मला? मी आठवून सांगितलं, आप्पांच्या गळ्यात नुसता दोरा पडतो तिथे. तिने वही काढली, पहिल्या भागाचं पान उघडलं. त्या जागी फुली होती.

"मला वाटलं ते कोणाला कळलंच नाही," ती म्हणाली, आणि पेनाने त्या फुलीवर किती वेळ गिरवत बसली. चार महिन्यांत तिच्या कामाबद्दल समोर बसून बोललेलं मी पहिलं माणूस.

मी आपल्या स्वभावाप्रमाणे पेटले. म्हटलं, नाव टाक बिनधास्त, मी उभी राहते पाठीशी, बघू कोण काय करतो.

"तसं नको ताई. नाव टाकलं की लोक आधी मला बघतील, मग आप्पांना. वरचीने काढलंय का, मग तिला काय दुःख, तिचा नवरा का नाही, तिथपर्यंत जातील. आत्ता फक्त आप्पाच दिसतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक भाग करायचा आहे. समाजाची जूनची सभा आहे ना, अध्यक्ष निवडायची, तिच्या आधी. संगीत खुर्चीचा. खुर्ची एकच, आप्पा तिच्यावर बसलेले, बाकी सगळे भोवती फिरताहेत. गाणं थांबतं, सगळे थांबतात. पुन्हा सुरू होतं, पुन्हा फिरतात. आप्पा टाळ्या वाजवून म्हणतात, छान खेळ चाललाय."

मी हसले नाही. अंगावर काटा आला. ते तिने बघितलं, पण वहीत काय मांडलं ते मला दाखवलं नाही.

एवढंच तिला हवं होतं, तो एक भाग नीट लागायला हवा, आणि तो बघताना लोकांनी तिच्याकडे नाही, फक्त आप्पांकडे बघायला हवं.

घोटाळा झाला तो साडीमुळे. वेळ वाचवायला ती आपल्या साड्यांच्या फायलीतून तुकडे उचलायची. मांडवाचं कापड म्हणजे एखाद्या साडीचा पदर, गालिचा म्हणजे दुसरीची बॉर्डर. जुन्या डिझाईन घ्यायची, बाजारातून गेलेल्या. अखाजीच्या आधीच्या रविवारच्या भागात घाईत तिने आप्पांच्या शालीला नव्या डिझाईनची बॉर्डर लावली. कोयऱ्या, पण शेपटी उलट्या बाजूला वळलेली, आणि शेपटीत तीन ठिपके. तिला ती आवडली होती. साडी अजून दुकानात लागली नव्हती. पण तिचा गठ्ठा आमच्याच गल्लीत येऊन पडला होता. आमच्या बायका घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात, आणि त्या तीन ठिपक्यांवर तीन खडे चिकटवायचं काम धुरपदाबाईकडे होतं. चाळीस साड्या तिच्या बोटांखालून गेल्या होत्या. वर आठ दिवसांपूर्वी गायत्रीच जिन्यात थांबून तिला म्हणाली होती, "मावशी, ही डिझाईन माझी आहे हं." एवढंच एक मिरवायला होतं तिच्याकडे, ते मिरवलं.

रविवारी पावणेअकराला धुरपदाबाई माडी चढून वर आली. हाताला गोंद तसाच.

"हाई मन्ही साडी आप्पाना गळामा कशी गयी व माय?"

गायत्रीने काही तरी सांगायचा प्रयत्न केला, की बाजारात सगळे सगळ्यांचं उचलतात.

"माले येडी समजस का? साडी आजून मन्हा घरमा शे. बाजार कुठून उचली?" मग तिने कॉम्प्युटर बघितला, वही बघितली, आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "तू! अय भवानी, तू करस हाई? चार महिना आम्ही पोट धरीसन हसी ऱ्हायनूत, आन् तू वर गुपचूप बशेल!"

गायत्री म्हणायची, ते दहा मिनिटं तिच्या आयुष्यातली फार चांगली दहा मिनिटं. धुरपदाबाईने तिला एकेक भाग सांगितला, करवलीच्या नातवाची नक्कल केली, तिच्या पाठीत धपाटा घातला. जाताना गायत्रीने हात धरून सांगितलं, "मावशी, कोणाला सांगू नको."

"मी कसाले सांगू!"

तिने सांगितलं. आणि वाईट मनाने सांगितलं असतं तर मी तिला सोडलं नसतं. पण नाना गेले दोन महिने प्रत्येक माइकवर म्हणत होते, "कोण कलाकार आहे, पुढे या, समाज तुमचा सत्कार करेल." धुरपदाबाईला वाटलं, पोरीला आगा ना पिछा, एकटी सडतेय वर, चार लोकांत मान मिळाला तर काय वाईट? तिने नानांच्या बायकोच्या कानात घातलं. मायेनं.

अखाजीला वाडीच्या पटांगणात एकवीस जोडपी पाटावर उभी. गायत्री बायकांच्या गर्दीत मागे. माइकवर नाना स्वतः. "आप्पांना जन्म देणारी आई आपल्यातच आहे," म्हणाले. "आमच्या भगिनी गायत्रीताई!" धुरपदाबाईने मागून ढकललं. हजारो माणसं वळून बघताहेत. मी तिच्याकडे बघून मान हलवत होते, जाऊ नको, जाऊ नको. बोलणं सोपं असतं. तिच्याकडे असं आजवर कोण वळलं होतं? ती जागची हलेना म्हणून नाना स्टेजवरून खाली उतरले, हात जोडून गर्दीतून तिच्यापर्यंत चालत आले. मग काय करणार? गेली.

शाल, नारळ. नानांनी माइक तोंडाशी ठेवूनच म्हटलं, "पोरी, मन्हं नाक जरासं धाकलं काढजो व!" नाक लहान काढ म्हणे. पटांगण हसून फुटलं. आणि गायत्रीही हसली. तो फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर. नाना नाकाला हात लावून उभे, शेजारी गायत्री तोंड उघडून हसतेय.

"मी हसली ताई," संध्याकाळी मला म्हणाली. दार लावून बसली होती, शाल घडीसकट पलंगावर. "चांगला जोक होता. त्यांच्या जोकवर मी हसली."

पुढचे पंधरा दिवस तिच्याकडे माणसं यायला लागली. कधी नव्हे ते चहाची भांडी कमी पडली. पण बसून दोन मिनिटं झाली की, "नानांना जरा सांग ना, वाडीची तारीख मिळेल का?" "आमच्या ह्यांचं काम नानांकडे अडलंय." कार्टूनबद्दल एकच बोलायचे, "आता नानांना चांगलं दाखवशील ना." कोणी कुठे हसलं ते कोणी सांगेना. वहीतलं पान कोरं.

तिने मात्र खुर्चीचा भाग केला. आठ दिवसांच्या जागी वीस दिवस घेतले. लखनकडे नेला तेव्हा मी बरोबर होते.

"बेन, ये पहले नानाको दिखा दो."

"का?"

"अब तो तुम उनकी हो ना. अब बुरा लगेगा."

"आधी नव्हतं लागत?"

"पहले मालूम नहीं था कौन है. किसीने दरवाजेके नीचेसे डाला था. अब तो फोटो है बेन."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, चार महिने या बाईच्या जिवावर तुझ्या जाहिराती वाढल्या तेव्हा फोटो लागला नाही? लखनने माझ्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघून म्हणाला, "एक बार चलाता हूँ. बस एक बार." पट्टी मात्र काढून टाकली. म्हणाला, आता ती टाकली तर नाना म्हणतील खोटं बोलतो.

त्या रविवारी मी गायत्रीच्या खोलीत होते. साडेदहाला चारी बाजूंनी गाणं सुरू झालं, खुर्चीचं. थांबलं, सुरू झालं. ती वही उघडून बसलेली, पेन हातात. आप्पा टाळ्या वाजवून म्हणाले, छान खेळ चाललाय. एकाही घरातून आवाज नाही. मधेच मागच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. मग समोरचा. धुरपदाबाईचा शेवटपर्यंत चालू राहिला.

अकराला ती जिन्यातूनच बोलली, वर आली नाही. गायत्री कठड्याशी उभी.

"नानानी तुले शाल दिधी. भर मांडवमा खाले उतरीसन उना तो माणूस. आन् तू आसं?"

"मावशी, आधीचे भाग पण असेच होते. तू पोट धरून हसायची."

"तवय तू कोठे व्हती?" धुरपदाबाई म्हणाली. "तवय नुसतं कार्टून व्हतं. आते तू शे. खाल्ल्या मिठाचं काहीतरी ठेवतं माणूस." ती खाली गेली. ती साड्यांना खडे दाराबाहेर बसून लावायची, ते दुसऱ्या दिवसापासून बंद झालं, आतच लावायला लागली. चांगली बाई. तिला खरोखर वाईट वाटलं होतं, म्हणून तर मला तिच्याशी भांडताही आलं नाही. मोर्च्यात लाठी सोसणं सोपं, त्यात समोर कोणीतरी चुकीचं असतं.

नाना काहीच बोलले नाहीत. एक शब्द नाही. गायत्री वाट बघत होती, फोन येईल, दमदाटी होईल, निदान लखनला काहीतरी. त्यांनी तिला नमस्कारही चालू ठेवला, रस्त्यात दिसली तर गाडीची काच खाली करून. बाकी लोकांनी मात्र बोलणं बंद केलं, कोणी सांगितलं नसताना. लग्नपत्रिका यायच्या थांबल्या. आमच्याकडे पत्रिका न येणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. मे महिन्यात प्रत्येक घरात खिडकीच्या गजात वीस-पंचवीस खोचलेल्या असतात, गल्लीतून चालताना दिसतात. लखनने कार्टूनच्या वेळात पुन्हा वाढदिवस लावले.

जूनच्या सभेला ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढच्या ओळीत बसली. हॉल भरला तरी तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या भरल्या नाहीत, समोर तर स्टेजच होतं. मी तिच्या शेजारी जाणार होते, पण माझं मागे दारात स्वयंसेवकाशी वाजलं. सभासदाची पावती दाखवा म्हणे. मला!

अहवाल झाला, आभार झाले. कोणीतरी मागून दबक्या आवाजात निवडणुकीचं काढलं. नाना उठले. माइक घेतला आणि हसून म्हणाले, "आपल्या एका भगिनीने दाखवलंय म्हणे, मी खुर्ची सोडत नाही. ही बघा, सोडली. कोनले बठनं शे? कोणाला बसायचंय? या."

चारशे माणसं. कोणी हललं नाही. पंखे फिरताहेत. मी दारातून ओरडले, "अर्ज कधी काढले? मतदारयादी कुठे लावली?" मला चार जणांनी "ताई, बसा, बसा" करून खाली बसवलं. नाना दहापर्यंत मोजल्यासारखे थांबले, मग मान हलवून म्हणाले, "कोणी नाही? मग मलाच बसायला लागेल बाबा." टाळ्या. बसले. अध्यक्ष एकमताने.

बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. मीच रडायच्या बेतात होते, रागाने. ती पायऱ्यांवर चपला शोधत होती.

"खुर्ची सोडून दाखवतील हे मला सुचलंच नव्हतं," ती म्हणाली. "पुन्हा पुढे गेले माझ्या."

"आता पुरे कर गं हे सगळं. लखन लावणार नाही, लोक बघणार नाहीत. कोणासाठी करायचं?"

तिला चप्पल सापडली, ती पायात घालून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही नानांचा डावा हात बघितला का?"

"का?"

"उठले, माइक घेतला, सगळ्यांना या म्हणाले. पण डावा हात सगळा वेळ खुर्चीच्या दांडीवर. बोटं आवळलेली, नखं पांढरी." तिने स्वतःचा डावा हात पुढे करून हवेत दांडी धरली आणि बोटं कशी वळली होती ते दाखवलं. "तेवढंच काढायचं. बाकी काही नको. नुसता हात."

पुढे मधे कोणी बसलं नव्हतं म्हणून तिला तो हात दिसला. मला नव्हता दिसला. मी तेव्हा ओरडत होते.